नॉर्मलची नळी

रॅकमध्ये पाच नळ्या होत्या. चार रुग्णांच्या, पाचवी प्रयोगशाळेतल्या काकांची स्वतःची. निरोगी माणसाचं रक्त किती वेळात गोठतं, ते आधी बघायचं आणि रुग्णांची वेळ त्याच्याशी ताडून पाहायची, अशी या छोट्या रुग्णालयाची पद्धत होती. पूर्वी त्यासाठी रक्त द्यायच्या पाळ्या असत. मग कुणाला सुई नको झाली, कुणाला सकाळी लवकर यायला जमेना. काकांच्या घरी त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. ते सगळ्यांच्या आधी हजर असत. अकरा वर्षं ‘नॉर्मल’ म्हणजे काकाच.

आज काकांचं रक्त गोठायला एकोणीस सेकंद लागले. ऑपरेशनसाठी थांबलेल्या आजीबाईंचं अठरा सेकंदांत गोठलं.

“काका, सांगा की लवकर!” सिस्टर दारातूनच म्हणाली. “डॉक्टर तयार होऊन बसलेत. आजी उपाशीपोटी माझा उद्धार करतायत.”

“थांबा जरा.”

सिस्टरने आत येऊन वहीतले आकडे पाहिले. “आजींचं तर तुमच्यापेक्षा लवकर गोठलंय. मग अडलंय कुठे?”

गेल्या महिन्यात काकांचे चौदा सेकंद आले होते, तेव्हा त्यांनी तपासणीच्या औषधाला नावं ठेवली होती. मागच्या आठवड्यात सोळा आले, तेव्हा कोमट पाण्याच्या टाकीला. आज औषधाची बाटली नवी होती आणि टाकीचा पारा बरोबर सदतीसवर होता. खापर फोडायला काही उरलं नव्हतं.

“सिस्टर, हात पुढे करा.”

“माझा? आता मलाच भरती करताय की काय!” असं म्हणत तिने बाही वर सरकवली.

तिच्या रक्ताची नळी यंत्रात फिरत असताना काका वरच्या फळीवरचं स्टॉपवॉच काढायला वळले. शर्ट वर सरकला.

“अहो काका, कमरेवर बशीएवढं काळंनिळं झालंय! कुठे आपटलात?”

“कुठेच नाही.”

“घरात कुणाला दिसलंसुद्धा नाही?”

“घरात आरसा आहे,” काका म्हणाले. “तोही दाढीपुरता.”

सिस्टर हसायला लागली आणि मध्येच थांबली.

रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात. यकृत थकलं की ते कमी पडतात, मग कातडीखालची बारीकशी रक्तवाहिनी फुटली तरी रक्त पसरत जातं. कामाला येणाऱ्या प्रत्येक नवख्याला काकांनी हे शिकवलं होतं.

त्यांनी सिस्टरची नळी टाकीत तिरपी धरली, औषध सोडलं, आणि गुठळीचा पहिला धागा दिसताच घड्याळ थांबवलं. मग फोन उचलला.

“डॉक्टर, आजीबाईंना आज घेऊ नका. रक्त थांबायचं नाही.”

आपल्या नळीवरची ‘नॉर्मल’ची चिठ्ठी त्यांनी नखाने सोडवली आणि सिस्टरच्या नळीवर चिकटवली. आपल्या नळीवर पाच आकडा घातला.

नॉर्मल : बारा सेकंद. रुग्ण क्रमांक पाच : एकोणीस सेकंद.