डोळ्याखालची काळी रेघ

शाळेच्या मेळाव्यात पोरांचे चेहरे रंगवून रंगवून रंगवालीची मान आखडून गेली होती. त्यात ज्याला त्याला चित्ता हवा आणि बोट मात्र बिबट्याच्या चित्रावर! अंगावर ठिपके दिसले की म्हणे चित्ता, म्हणून ती सकाळपासून करवादत होती.

तेवढ्यात एक चिमुरडी खुर्चीत चढून बसली. "मला चित्ता करा. बिबट्या नाही हं! चित्त्याला डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते."

"चला, एकीला तरी कळतं बाई!" रंगवाली खूश झाली.

पोरीची आई मागे उभी होती, चार भिंतींच्या आत काळा गॉगल लावून. "जरा लवकर आटपाल का? हिचे बाबा बाहेर गाडीत थांबलेत," ती हळू आवाजात म्हणाली.

हॉलमध्ये गॉगल, आणि वर घाई! नखरे तरी किती, असं मनात म्हणत रंगवालीने नाक मुरडलं आणि मुद्दाम सावकाश, चांगल्या जाड रेघा ओढल्या.

पोरीने आरशात स्वतःला नीट निरखलं, टुणकन खाली उतरली आणि आईला हाताला धरून खुर्चीकडे ओढत म्हणाली,

 

"मावशी, आता आईलापण चित्ता करा ना. मग तिच्या डोळ्याखालचं काळंनिळं कुणाला दिसणार नाही, आणि गॉगलपण लावायला नको."