नळावरचं भांडण

जुन्या वस्तीत बाबा रात्रपाळी करून आले की पडद्यामागे झोपायचे आणि आम्ही दिवसभर कुजबुजत बोलायचो. बाहेर मात्र नळावरची भांडणं, शेजारच्या काकांची पत्र्यावरची ठोकाठोक, सगळा कालवा चालूच असायचा.

आता आमचं घर नवव्या मजल्यावर आहे. बाबांना स्वतःची खोली आहे आणि टाचणी पडली तरी ऐकू येते. पण इथे आल्यापासून बाबांच्या डोळ्याला डोळा नाही. काल यंत्रासमोरच त्यांना डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला.

आज मी शाळेतून आले, तर आईने सवयीने ओठांवर बोट ठेवलं.

"जागाच आहे मी," आतून बाबा म्हणाले.

त्यांचे डोळे लाल झाले होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या दारात उभी राहिले, ओढणी कमरेला खोचली आणि जुन्या शेजारच्या काकूंच्या आवाजात सुरू केलं, "ए भवाने, उचल तो हंडा. नंबर माझाय."

बाबा हसले. "अजून जोरात," म्हणाले आणि कुशीवर वळले.

पण एकटीने किती भांडणार? मी दम घ्यायला थांबले, तेवढ्यात स्वयंपाकघरात बादली आपटली.

"तुझा नंबर? मग सकाळपासून मी काय इथे माश्या मारतेय?"

त्या नळाचं तोंड पुन्हा बघायचं नाही म्हणून नव्या घरासाठी हटून बसलेली आमची आई, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती.

बाबा केव्हाच घोरायला लागले. आई मात्र थांबेना.