पैकीच्या पैकी

सत्यभामाबाईंचा उजवा गुडघा बदलून सहा महिने झाले होते. तपासणीला डॉक्टर छापील कागदावरचे प्रश्न वाचत होते आणि उत्तरं मुलगा नरेश देत होता. भिलाईच्या प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज असल्यानं त्याला रिपोर्ट द्यायची सवयच होती.

“जिना चढता येतो?”

“दिवसातून तीनदा. गच्चीवर कपडे आईच वाळू घालते.”

“उभं किती वेळ राहता येतं?”

“सगळ्यांच्या पोळ्या होऊन आमचे डबे भरतपर्यंत.”

“चालणं?”

“नातवाले शाळेच्या बसवर सोडते, येताना स्मृति नगरातून भाजी आणते. ऑपरेशनच्या आधी दिवसभर नुसती खुर्चीत बसून राहायची.”

डॉक्टरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. “काकू, डावा गुडघाही तेवढाच झिजलाय. पुढच्या महिन्यात तोही बदलून टाकू या?”

नरेश मान डोलवणार, तेवढ्यात सत्यभामाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

“हा राहू द्या, डॉक्टरसाहेब. घरात मले ‘जरा बस’ म्हणणारा आता हा एकटाच उरला.”