वाकडं हँडल

एरंडोलच्या माझ्या गॅरेजात लखन नुकतीच घेतलेली जुनी मोटरसायकल घेऊन आला. “रमीजभाऊ, हँडल डावीकडे वळेल शे. धुळ्याचा डीलर म्हणे, सवय व्हई जाई.” मी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं. सरळ होईना. फोर्कच वाकला होता; गाडी कुठेतरी जोरात आदळलेली होती. शंका आली म्हणून टाकीवरचा नवा रंग खरवडला. खाली माझ्याच हातचं अक्षर निघालं: ‘उजैर’. माझा धाकटा भाऊ याच गाडीवर मेला. ती कापून भंगारात घालीन, अशी कसम ती घेऊन जाणाऱ्या त्याच डीलरने मय्यतीत खाल्ली होती. धुळ्याला गेलो तेव्हा तो चहा पीत होता. “चालती गाडी कोण कापतं, रमीजभाई?” तो हसला. मी त्याला पाडलं, मान गुडघ्यांत धरली आणि त्याचे दोन्ही हात हँडलसारखे पिळले. डावा खांदा निखळला. “सवय होईल,” मी म्हणालो.