दोरीची टोकं
घर चिडीचूप होतं, तेवढ्यात मेणाच्या डबीचं झाकण टणकन पडलं. उचलून वर बघते तो मी वळलेली धनुष्याची दोरी खुंटीवर तशीच. माझा नवरा डेल तर पहाटेच एल्क हरणाच्या शिकारीला गेलेला, जिथे फोन लागत नाही अशा डोंगरात.

"टिली, बाबांनी कुठली दोरी नेली?"

"माझी! तुझं बघूनच वळलीये. धनुष्याला अडकवायचा फासा करताना लांबलचक टोकं उरतात ना, ती मी आधीच कापून टाकली."

ती टोकं दोरीत पिळून घेतली तरच फासा धरतो. नाहीतर पूर्ण ताणल्यावर निसटतो आणि धनुष्य थेट तोंडावर बसतं.

"बाबा म्हणाले, किती सुबक! आई, तुझ्यापेक्षा छान झालीये?"