पुरे म्हणेपर्यंत

अंगणवाडीत आज खिचडी वाढणाऱ्या यंत्राला शिकवायची पाळी पाच वर्षांच्या शंभूची होती. त्याने रंगीत ठोकळे जोडून हुकूम सोडला: ‘ज्याचं ताट, तो पुरे म्हणेपर्यंत वाढ.’

यंत्र कस्तुरीपाशी आलं. ती दोन महिन्यांपूर्वी गावात आली होती, पण अंगणवाडीत अजून एक शब्दही बोलली नव्हती. एक डाव, दोन, पाच! खिचडी ताटातून सतरंजीवर उतरली.

अंगणवाडीच्या सुनंदाताई यंत्र बंद करायला धावल्या. शंभू आडवा आला. "नको ना ताई! मी मुद्दाम तसं केलंय."

पोरं हातातला घास हातात धरून बघत राहिली. खिचडी कस्तुरीच्या फ्रॉकला टेकली.

"पुरे!" ती किंचाळली. यंत्र निमूट पुढे सरकलं. पोरांनी हसत टाळ्या पिटल्या.

"हसताय काय?" कस्तुरी म्हणाली. "लोणचं कोण वाढणार?"