कारण: इतर

“सात महिन्यांत एक तक्रार नाही,” असं म्हणत सॉफ्टवेअर आर्किटेक्टने लॅपटॉप डायलिसिस सेंटरच्या सिस्टरपुढे सरकवला. कौतुक ऐकायलाच आला होता म्हणा ना.

स्क्रीनवर त्याने रचलेला कोड होता. रुग्णांचा कप्पा वेगळा, पाळ्यांचा वेगळा, मेसेजचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. ज्यांचं काम त्यांच्याजवळ बसायचं आणि त्यांच्याच शब्दांत कोड लिहायचा, हे तो ऑफिसात सगळ्यांना उठताबसता ऐकवायचा. स्वतः मात्र इथे आज पहिल्यांदा आला होता. शब्द त्याने सेंटरच्या मॅनेजरकडून फोनवर तासाभरात उतरवून घेतले होते.

सिस्टरने चष्मा लावला. डायलिसिसची पाळी चुकण्याची कारणं ती बोटाने वाचत खाली गेली. प्रकृती, प्रवास, मशीन बंद, इतर.

“जे वारले, त्यांना मी ‘इतर’मध्ये टाकते,” ती म्हणाली. “दुसरं काही ठेवलंच नाहीये तुम्ही.”

“पण मग त्यांच्या घरी मेसेज...”

मेसेज त्यानेच लिहिला होता. ‘आपण आज आला नाहीत. असे पुन्हा झाल्यास आपली जागा दुसऱ्यास दिली जाईल.’

“जातो की. बरोबर अकराला. म्हणून मी आधी घरी फोन करून सांगते, एक मेसेज येईल, वाचू नका, पुसून टाका, चूक आमची आहे. सात महिने हेच चाललंय.”

“मग कळवलं का नाही?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“दोनदा कळवलं. उत्तर आलं, कारणांची यादी ठरलेली आहे.”

ते उत्तर त्याचंच होतं. तिचं म्हणणं पुरतं न वाचता त्याने ते ‘सूचना’ म्हणून बाजूला टाकलं होतं, तक्रारींत धरलंच नव्हतं. त्याला मान वर करवेना.

“थांबा, आत्ताच बंद करतो.” त्याने कोड उघडला, वरखाली केला. तिन्ही कप्प्यांत हात घालावा लागणार होता. संध्याकाळ तरी होणार, आणि आता पावणेअकरा झाले होते.

“आज एक आहे,” सिस्टर म्हणाली. “काल सकाळी गेले. चार वर्षं यायचे इथे. घरी काही कळवायचं तर फोन मीच करायचे.” तिने टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. “आज तुम्ही बोला.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पलीकडे त्यांच्या पत्नी होत्या. त्याने अडखळत सगळं सांगितलं. चूक माझी आहे, असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं. तोंडून ‘आमची’च आलं.

“असू दे हो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी काळजीने विचारलं, “पण आज सिस्टर का नाही बोलल्या? त्यांची तब्येत बरी आहे ना?”